वजा केलेला वास

फाईली जुळवणाऱ्या माणसाला, तू नेमकं काय करतोस, असं विचारू नये. तृषाली सारंगला कुणी विचारलंच तर ती सरळ सांगायची, "दुसऱ्यांनी केलेली घाण साफ करते." ऐकणारा हसायचा. ती हसायची नाही, कारण तिला त्या कामाचा खरोखरच वीट आला होता.

सरकारने औद्योगिक वसाहती, कचराडेपो, नाले असल्या ठिकाणी खांब रोवून त्यांवर वास घेणारी यंत्रं बसवली होती. निविदेत त्यांचं नाव हातभर लांब होतं, पण सगळे त्यांना नाक म्हणत. प्रत्येक नाकात सोळा बारीक चकत्या असत आणि प्रत्येक चकतीवर निराळ्या धातूच्या ऑक्साइडचा लेप. हवेतला वायू लेपाला चिकटला की चकतीतून जाणारी वीज कमीजास्त होते. एकट्या चकतीवर विश्वास ठेवण्यात अर्थ नसतो. गंधकाचा वायू आला तरी तिचा आकडा चढतो आणि शेजारणीने फोडणी दिली तरी चढतो. सोळाही चकत्यांच्या रेषा शेजारी शेजारी मांडल्या, की मग मात्र प्रत्येक वासाची ठेवण वेगळी दिसते.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण नाकं पुरवणाऱ्या कंपन्या पाच-सहा, आणि प्रत्येकीची लिहिण्याची तऱ्हा निराळी. एक कंपनी दर सेकंदाला आकडा लिहायची, दुसरी दर मिनिटाची सरासरी. एकीची पहिली चकती ती दुसरीची अकरावी. एकीला दशांशचिन्हाचं वावडं, ती तिथे स्वल्पविराम द्यायची. ह्या साऱ्या फाईली पुण्याच्या वास-निरीक्षण केंद्रात येत आणि 'गंधसेतू' नावाच्या ॲपमध्ये एकाच ठरलेल्या साच्यात बसवाव्या लागत. कंपन्या न सांगता आपली तऱ्हा बदलायच्या. मग कालपर्यंत चालणारा रूपांतराचा प्रोग्रॅम आज मान टाकायचा आणि तृषाली दात-ओठ खात नवा लिहायला बसायची.

शेवटी वैतागून तिने ते कामच यंत्राच्या गळ्यात मारलं. कल्पना सोपी होती. नियम आपण लिहायचेच नाहीत. प्रोग्रॅमला एका हाताने नाकाची मूळ फाईल द्यायची, दुसऱ्या हाताने माणसाने साच्यात बसवलेली तयार फाईल द्यायची आणि सांगायचं, ह्याचं ते कसं झालं हे तूच शोध. अशा जोड्या केंद्रात ढिगाने पडून होत्या. पुढे कुणी तयार फाईलीत हाताने दुरुस्ती केली, तर तिचाही धडा गिरवायचा. काही महिन्यांत प्रोग्रॅम इतका तरबेज झाला की कधी न पाहिलेली फाईलसुद्धा तो बिनबोभाट साच्यात बसवू लागला. केंद्राचा प्रमुख सुमेध, म्हणजे तृषालीचा नवरा, त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटत फिरला.

साच्यात एक रकाना मात्र असा होता, जो कुठल्याच नाकाच्या फाईलीत नसतो. त्याचं नाव स्रोत. वास कशाचा? कारखान्याचा, गटाराचा, की माणसांच्या रोजच्या जगण्याचा? स्वयंपाक, गोठा, सुकत घातलेली मासळी ह्यांना प्रदूषण म्हणायचं नाही असा नियम होता, आणि त्यात वावगं काही नव्हतं. असा वास निघाला की ॲप तो एकूण वासातून वजा करायचं. उरेल तेवढाच अहवालात जायचा.

स्रोत ओळखण्यासाठी केंद्रात वासपेटी ठेवली होती. तिच्यात फाईल घातली की ती आतल्या कुप्यांमधल्या अर्कांची मिसळ करून तसाच वास तयार करायची. खांबावरचा वायू विषारी असला तरी पेटीतून येणारा वास नुसताच वास, त्याने कुणाला इजा व्हायची नाही. ऑपरेटरने झाकण उघडायचं, हुंगायचं आणि रकाना भरायचा. अशा भरलेल्या रकान्यांवरून प्रोग्रॅम तोही रकाना स्वतःच भरायला शिकत होता.

हे झालं कागदावर. दिवसभर गटारं आणि कचरा हुंगायला बसलेला माणूस थोड्याच दिवसांत हुशार होतो. फाईल कुठल्या खांबावरून आली एवढं बघितलं की झालं, झाकण कशाला उघडायचं? कोकणातल्या कुडपेबंदरची फाईल आली की शिफ्टचा म्होरक्या जयदीप नाक दाबून ओरडायचा, "बोंबील आले रे, बोंबील!" आणि पेटीला हातही न लावता 'सुकी मासळी' टाकून मोकळा व्हायचा. सगळी खोली खिदळायची. नव्या माणसाला पहिल्या दिवशी कुडपेबंदरची पेटी हुंगायला लावायची, तो तोंड वेडंवाकडं करून पळाला की टाळ्या वाजवायच्या, असाही एक खेळ होता.

कुडपेबंदर हे तृषालीचं माहेर. त्या खोलीत ते फक्त सुमेधला ठाऊक होतं. इतरांबरोबर तीही हसायची.

* * *

कुडपेबंदरच्या कातळावरच्या रसायनांच्या कारखान्याचा दुसरा टप्पा येणार म्हणून तिथे जनसुनावणी लागली होती. आईने फोनवर एवढंच सांगितलं, "जमला तर येऊन जा गो." आई असं सहसा म्हणत नसे, म्हणून तृषाली रजा टाकून गेली.

धक्क्याशी गाडीतून उतरताच तिने रुमाल नाकाला लावला. नासक्या अंड्यांचा वास, आणि त्यावर नखांचा रंग पुसायच्या पाण्यासारखा एक गोडसर, चिकट दर्प. तो नाकात शिरून जिभेवर येऊन बसत होता. तिने थुंकून पाहिलं तरी गेला नाही. खाडीच्या कडेला पाण्यावर तेलकट साय धरली होती आणि तिच्यात पांढरी पोटं वर करून चार-दोन मासे डुलत होते. ज्या पाण्यात ती पोहायला शिकली, त्यात पाय घालायच्या कल्पनेनेच तिच्या अंगावर काटा आला.

आई ओट्यावर उभी होती. वाळून काटकी झालेली, पण केसांत अबोलीचा वळेसर होताच.

"इलंस? ये. हातपाय धू, मगे जेवूक वाढतंय."

"आये, हा वास कसला गो? तुम्ही राहता कसे इथे?"

"आसता थोडो थोडो," आई म्हणाली आणि घाईने आत गेली.

आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. आधी मुलीचं ताट वाढून मग आपलं घेऊन ती समोर बसली. तृषालीने पहिला घास तोंडाजवळ नेला आणि तिचा हात तसाच थांबला. तिखटाच्या आणि तिरफळांच्या आडून दुसराच वास येत होता. मासा शिळा नव्हता, सडला होता. काट्यापासून मांस आपोआप सुटून रश्श्यात विरघळलं होतं. आई मात्र भात कालवून मन लावून जेवत होती. बोटं चाटत होती.

"आये, थांब! खाऊ नको. कुजलाय हा मासा."

 आईने ताट उचलून नाकाशी नेलं, दोनदा श्वास घेतला, मुलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि ताट हळूच खाली ठेवलं. तृषाली मागच्या दारी धावली आणि माडाच्या आळ्यात भडाभडा ओकली. तोंड धुऊन परत आली तेव्हा आई तशीच बसलेली होती.

"माका वास येणा नाय," ती म्हणाली. "वर्स झाला आसात. पयला सर्दी वाटली. मगे फुलांचो येयनासो झालो, मगे कशाचोच."

"मग डॉक्टरांना का नाही दाखवलंस? मला का नाही सांगितलंस?"

"कोणाक सांगू नको बाय. तुका शपत." आईने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "मासे इकणाऱ्या बायलेचा नाक गेला म्हणान वाडीत कळला, तर माझ्याकडे गिऱ्हाईक येतला काय? जयवंती शेजाराक बसता बाजारात. तिका तर अजिबात कळता नये."

मग तिने फडताळातून एक कागद काढून दिला. "तुमच्या पुण्याच्या हापिसातसून इलो हा. हय जो वास येता, तो म्हणे आमच्याच सुक्या मासळेचो."

कागदावर गंधसेतूचा शिक्का होता. कुडपेबंदर येथील वासाचा स्रोत सुकी मासळी, औद्योगिक वास शून्य. तृषालीने दोनदा वाचलं.

"ह्या वर्सा खळ्यार एक बांगडो वाळत घालूक नाय कोणी," आई म्हणाली. "खाडयेत मासो रवलो खय? मी इकतंय तो बर्फातलो, ट्रकातसून येता. मगे ह्यो वास खयच्या मासळेचो, तूच सांग. तुमी शिकलेली माणसा."

त्यात टोमणा नव्हता. तो असता तर तृषालीला बरं वाटलं असतं.

* * *

सुमेधच्या घरी मासे चालत नसत. लग्नाआधीच ते ठरलं होतं आणि त्याचं तृषालीला कधी काही वाटलं नव्हतं. माहेरून आली की बॅग गॅलरीत, कपडे थेट मशीनमध्ये आणि ती स्वतः न्हाणीघरात, ही पद्धतही आपोआपच पडली होती. ह्या खेपेला मात्र ती दमून दिवाणखान्यातच बसली.

सुमेध बाहेरून आला. दारातच त्याने नाक मुरडलं. "पुन्हा सुकट आणलीस? किती वेळा सांगितलंय, दोन दिवस पडद्यांतून जात नाही तो वास."

"सुकट नाही आणलेली."

"मग बोंबील असतील. बॅगेत आहेत बघ." त्याने बॅग दोन बोटांत धरून उचलली आणि हात लांब करून गॅलरीकडे निघाला.

"सुमेध, बॅग उघड."

"सोड ना."

"उघड म्हटलं ना!"

त्याने उघडली. आत दोन साड्या, एक टॉवेल आणि चार्जर होता. त्याने साडी उचलून हुंगली आणि तोंड फिरवलं. "मासेच आहेत. कपड्यांना लागलाय वास."

तृषाली उठली. साडी तिने स्वतःच्या नाकाशी नेली. नासकं अंडं आणि तो गोडसर दर्प. धक्क्यावरचा. माशाचा त्यात लवलेशही नव्हता. हा माणूस तिच्याबरोबर इतकी वर्षं राहतोय, आणि अजून त्याला कारखान्याची घाण आणि सुकट ह्यांतला फरक कळत नाही. कळून घ्यायची त्याला गरजच पडलेली नाही. कुडपेबंदरहून आली ना, मग मासळीच.

आणि मग तिला जयदीप आठवला. हेच वाक्य तिने रोज ऑफिसात ऐकलं होतं, त्यावर ती हसली होती, आणि तिच्या प्रोग्रॅमनेही ते ऐकलं होतं.

* * *

सकाळी ऑफिसात कुणी यायच्या आधी तिने एक साधा प्रयोग केला. केंद्राच्या चाचणीसाठी काढून ठेवलेली उदबत्तीच्या वासाची एक मूळ फाईल घेतली. तिच्यातला खांबाचा क्रमांक खोडून कुडपेबंदरचा घातला आणि फाईल रूपांतराला सोडली. गंधसेतूने क्षणात उत्तर दिलं. स्रोत सुकी मासळी, वजा. उरलेला वास शून्य.

मग तिने कुडपेबंदरच्या नावावर गाडीचा धूर दिला. सुकी मासळी. फिनेल दिलं. सुकी मासळी. उलट, मासळीबाजारातली खरी सुकटीची फाईल पुण्यातल्या एका बड्या सोसायटीच्या खांबाच्या नावावर दिली, तर ॲपने तात्काळ 'औद्योगिक, तक्रार नोंदवावी' असं लिहून लाल दिवा लावला.

शिकणाऱ्या प्रोग्रॅमचा हा एक जुना अवगुण आहे. त्याला वास कळत नसतो, खरंखोटं कळत नसतं. धड्यातल्या उत्तराशी आपलं उत्तर जुळावं, एवढीच त्याची धडपड असते, आणि त्यासाठी तो सगळ्यात सोपी वाट धरतो. सोळा वेड्यावाकड्या रेषांतून वास ओळखणं अवघड. खांबाचा क्रमांक बघणं सोपं. ऑपरेटरांनी झाकण न उघडता नुसता खांब बघून रकाने भरले होते, तेव्हा खांब बघणाऱ्या प्रोग्रॅमचं उत्तर त्यांच्याशी दर वेळी तंतोतंत जुळत गेलं. चकत्यांच्या रेषांकडे बघायचंच त्याने सोडून दिलं. चामडी कमावणाऱ्यांच्या वस्तीपाशी त्याने चामडं लिहिलं, म्हशींच्या गोठ्यांपाशी शेण लिहिलं, झोपडपट्टीपाशी 'वस्तीचा वास' लिहिलं, आणि सगळीकडे इमानेइतबारे वजा करत सुटला.

तृषालीला स्वतःची किळस आली. तिने यंत्राला फाईली जुळवायला शिकवलं नव्हतं. जयदीपचं नाक दाबणं, खोलीचं खिदळणं आणि तिचं स्वतःचं खोटं हसू तिने साच्यात बसवून राज्यभर वाटलं होतं.

कुडपेबंदरच्या मूळ फाईली तरी असतील म्हणून तिने शोधल्या. त्याही नव्हत्या. धडा गिरवून रूपांतर झालं की मूळ फाईल पुसून टाकायची, जागा वाचते, ही सोय तिनेच केली होती. वजा केलेला वास साच्यातल्या फाईलीतून परत काढता येत नाही. पीठ बघून गहू कुठल्या शेतातला होता ते सांगता यायचं नाही, तसंच.

* * *

"मान्य आहे," सुमेध म्हणाला. तिने दाखवलेले सगळे प्रयोग त्याने शांतपणे पाहिले होते. तो मूर्ख नव्हता, आणि त्याचाच तृषालीला जास्त राग आला. "चूक आहे. मोठी आहे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

"सुनावणी ह्या आठवड्यात आहे."

"म्हणूनच म्हणतोय, आत्ता बोलू नकोस. कुडपेबंदरचा अहवाल खोटा म्हटलास तर उद्या राज्यातला प्रत्येक अहवाल खोटा ठरेल. मग खांबच नकोत म्हणायला सगळे कारखानदार टपलेलेच आहेत. जे चाललंय तेही बंद पडेल."

"चाललंय काय, सुमेध? माझ्या आईचं नाक गेलंय."

 त्याला वाईट वाटलं, हे तिला दिसलं. "वयामुळेही जातं गं," तो म्हणाला. "आणि तुमच्याकडे आयुष्यभर त्या वासात बसायची सवय. नाक मरतंच."

तुमच्याकडे. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा इस्त्रीचा सदरा, त्यावर मारलेलं मंद अत्तर, समजूतदार चेहरा. त्या अत्तराच्या वासाने ती दोन पावलं मागे सरली. इतकी वर्षं ती ह्या माणसाला आवडावं म्हणून दारातूनच न्हाणीघरात पळत होती.

"सुनावणीला वासपेटी नेणार आहेस ना?" तिने विचारलं.

"हो. लोकांना दाखवायला हवं, यंत्रणा किती आधुनिक आहे ते. सुकटीचा नमुना लावू, आपलाच वास ओळखून खूश होतील. तू येशील? तुझं गाव आहे, तू बोललीस तर ऐकतील."

"येईन," तृषाली म्हणाली.

* * *

ती आदल्या दिवशीच गेली. धक्क्यावरच्या खांबाच्या पेटीची किल्ली केंद्रातल्या प्रत्येकाकडे असे. तिने पेटी उघडून अँटेनाची वायर ओढून काढली. पुण्याहून पोचपावती आल्याशिवाय नाक आपली फाईल पुसत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? पावती येईना, तशी फाईल नाकातच साठत राहिली. सकाळी कारखान्याने नेहमीसारखा भसाभस धूर सोडला, तोही तिच्यात उतरला. मग तृषालीने फाईल काढून घेतली. असल्या कामासाठी नोकरी जाते. तिला ते ठाऊक होतं आणि त्याची फिकीर करण्यापलीकडे ती गेली होती.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. पुढच्या खुर्च्यांवर अध्यक्ष म्हणून आलेल्या अधिकारीबाई, कारखान्याची माणसं आणि केंद्राची माणसं. मागे सतरंज्यांवर सारी वाडी. बायका एका अंगाला, आई आणि जयवंती अगदी पुढे. पंख्यांची घरघर सुटली होती.

सुमेधने अहवाल वाचला. त्याचा आवाज खुलला होता. "मंडळी, ह्या वासाची तुम्हाला सवय आहे, तो तुमच्या धंद्याचा वास आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही," असंही तो म्हणाला. कारखान्याच्या माणसांनी माना डोलावल्या. मग त्याने तृषालीला पुढे बोलावलं. "ही आपल्याच गावची लेक. वासपेटी कशी चालते ते ती दाखवेल."

तृषालीने खांबाची फाईल आधी ॲपला दिली. पडद्यावर अक्षरं उमटली. स्रोत सुकी मासळी, वजा. उरलेला वास शून्य.

"ही आज सकाळची फाईल आहे," ती अधिकारीबाईंना म्हणाली. "आमच्या ॲपने तिच्यातून सगळी मासळी काढून टाकली आणि शून्य उरलं. वाडीत ह्या वर्षी मासळी सुकलेलीच नाही. मी आता मूळ फाईल पेटीत घालते. ह्या शून्याचा वास तुम्हीच घ्या."

"तृषाली, हे ठरलं नव्हतं," सुमेध म्हणाला. तोवर तिने झाकण उघडून पेटीचा पंखा चालू केला होता.

पहिली खुर्ची मागे पडली ती कारखान्याच्या मॅनेजरची. तो दोन्ही हातांनी तोंड दाबून दाराकडे पळाला आणि उंबऱ्यापाशीच ओकला. त्या ओकारीवरून घसरत बाकीचे धावले. नासक्या अंड्यांचा तो दर्प खोलीभर पसरला, जिभेवर चढला, डोळ्यांत उतरला. अधिकारीबाई रुमाल लावून ठसकत बाहेर पडल्या. सुमेधचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बंद कर!" तो ओरडला, त्याला जोराची उबळ आली आणि तोही गेला. तृषालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टेबलाची कड घट्ट धरून ती कशीबशी उभी होती.

समोरची खुर्ची न् खुर्ची रिकामी झाली. मागची वाडी बसलेली होती.

कुणी हललं नव्हतं. बायका पळणाऱ्या साहेबलोकांकडे बघत होत्या, मग एकमेकींकडे. कुणीतरी चटकन पदर नाकाला लावला. ते बघून शेजारणीने लावला. तसा तो पदर ओळीओळीने मागे सरकत गेला. पुरुषांनी टॉवेल लावले. पण पदरांवरचे डोळे कोरडे होते आणि चोरून आजूबाजूला फिरत होते, दुसरी काय करते ते पाहून तसं करण्यासाठी. तृषालीला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने टेबलाची कड सोडली आणि आईकडे पाहिलं.

फक्त आईने पदर लावला नव्हता. ती जयवंतीकडे बघत होती.

"जयवंती, तुका वास येता?"

जयवंतीने पदराआडून जोरजोरात मान डोलावली. आई बघतच राहिली. हळूहळू जयवंतीची मान थांबली आणि पदर खाली आला.

"नाय गो," ती पुटपुटली. "तुका येता म्हणान मिया..."

"माका वर्स झाला येणा नाय."

मागे कुणीतरी बाई हुंदका देऊन म्हणाली, "माका पण." एका म्हाताऱ्याने टॉवेल मांडीवर ठेवला. मग पदर एकेक करून उतरत गेले. प्रत्येकीला वाटलं होतं, नाक आपलंच एकटीचं गेलं, आणि प्रत्येकीने ते शेजारणीपासून जिवापाड लपवलं होतं. आता त्या भर दुर्गंधीत, दार आणि खिडक्या उघड्या असूनही, एवढी माणसं शांत बसून एकमेकांकडे बघत होती.

दारातून अधिकारीबाई ओरडल्या, "अहो, ती पेटी बंद करा आधी! आणि तुम्ही सगळे बाहेर या, बसलात काय असे?"

तृषालीने झाकणाला हात लावला नाही.

"त्यांना काही येत नाहीये, मॅडम," ती म्हणाली. "वाडीत कुणालाच वास येत नाही. सुनावणी त्यांची आहे. आत या आणि वास घ्या."

अधिकारीबाईंनी सतरंज्यांवर नजर फिरवली, पार शेवटच्या ओळीपर्यंत. मग त्या आत आल्या. ओकारी गिळत, भिंतीचा आधार घेत आपल्या खुर्चीपर्यंत पोचल्या आणि बसल्या. रुमाल त्यांनी नाकावरून काढला नाही. त्या आईकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही आधी बोला."

आई पदर सावरून उभी राहिली. सुमेध अंगणात नळावर चुळा भरत होता.